बार्बोसा : एका गोलरक्षकाची शिक्षा

फुटबॉलच्या खेळात गोलरक्षकाचे स्थान इतर दहा खेळाडूंहून निराळे असते. आघाडीच्या खेळाडूचा नेम चुकला तरी थोड्याच वेळात त्याला दुसरी संधी मिळते व पहिली चूक विस्मृतीत जाते. गोलरक्षकाच्या चुकीची नोंद मात्र थेट गुणफलकावर होते. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याच्या वाट्याला आलेली अशी एक नोंद त्याच्या मृत्यूपर्यंत पुसली गेली नाही.

बार्बोसाचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी साओ पाउलो राज्यातील कांपिनास या शहरी झाला. इपिरांगा या संघाकडून काही काळ खेळल्यानंतर १९४५ मध्ये तो रिओ द जानेरो येथील वास्को द गामा क्लबात दाखल झाला. भारताचा सागरी मार्ग शोधणाऱ्या दर्यावर्दीचे नाव धारण करणारा हा क्लब पोर्तुगीज वंशाच्या रहिवाशांनी १८९८ मध्ये स्थापन केला होता. ब्राझीलमधील गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्याने नष्ट झाली, तरी फुटबॉल हा दीर्घकाळ श्रीमंत गोऱ्यांचाच खेळ राहिला. अशा काळात, १९२३ मध्ये, वास्को द गामाने कृष्णवर्णीय आणि कष्टकरी खेळाडूंच्या बळावर रिओचे अजिंक्यपद पटकाविले. कृष्णवर्णीय बार्बोसाची कारकीर्द या परंपरेतच बहरली. १९४८ मध्ये सांतियागो येथे भरलेल्या दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत वास्को अजिंक्य ठरला. पुढच्याच वर्षी ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. त्या स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात पॅराग्वेला ७-० असे नमविणाऱ्या संघाचा गोलरक्षक बार्बोसाच होता.

१९५० ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये भरली. त्या वर्षी नेहमीसारखा अंतिम सामना नव्हता. शेवटच्या फेरीतील चार संघांनी एकमेकांशी खेळावयाचे होते. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरविले. १६ जुलै रोजी माराकाना मैदानावर उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी साधली असती तरी विश्वचषक ब्राझीलचा झाला असता. सुमारे दोन लक्ष प्रेक्षक हा विजयसोहळा पाहण्यासाठी जमले होते.

मध्यंतरानंतर लगेच फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. तथापि उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला याने आपल्या संघाचा धीर खचू दिला नाही. ६६ व्या मिनिटास गिज्जा उजव्या बगलेने मुसंडी मारून गेला व त्याने गोलसमोर दिलेल्या चेंडूवर स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटास गिज्जा त्याच वाटेने पुन्हा आला. या वेळीही तो चेंडू मध्ये देईल, असा अंदाज बांधून बार्बोसा किंचित पुढे सरकला. गिज्जाने चेंडू दिला नाही. बार्बोसा आणि जवळचा खांब यांमधील अरुंद फटीतून त्याने तो जाळ्यात धाडला. उरुग्वे २-१ असा विजयी झाला.

बार्बोसाचा अंदाज अविचारी नव्हता. तेरा मिनिटांपूर्वी अगदी तसेच घडले होते. शिवाय गिज्जाला दोनदा मोकळी वाट मिळाली, याचे उत्तर एकट्या गोलरक्षकाने द्यावयाचे नव्हते. आघाडीच्या फळीलाही दुसरा गोल करता आला नव्हता. परंतु पराभूत राष्ट्राला दोषी हवा होता. बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल या तिघा बचावपटूंवर सर्व खापर फुटले. तिघेही कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कृष्णवर्णीय गोलरक्षक भरवशाचा नसतो, हा समज पुढे अनेक वर्षे ब्राझीलमध्ये टिकून राहिला.

संघाचा पांढरा गणवेशही अपशकुनी ठरला. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने घेतलेल्या स्पर्धेतून आज जगप्रसिद्ध असलेला पिवळा सदरा निवडण्यात आला. गणवेश बदलता आला. माणसाला आपले नाव बदलता येत नाही. बार्बोसा १९५३ मध्ये राष्ट्रीय संघाकडून आणखी एकच सामना खेळला. क्लबांकडून मात्र तो चाळिशी ओलांडेपर्यंत खेळत राहिला. निवृत्तीनंतर उदरनिर्वाहासाठी त्याने ज्या माराकानात ते दुर्दैव ओढवले होते, त्याच क्रीडासंकुलात नोकरी केली. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या सराव-शिबिराला भेट देण्यास तो गेला, तेव्हा अपशकुनाच्या भीतीने त्याला आत प्रवेश मिळाला नाही.

ब्राझीलच्या कायद्यात कमाल शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा पन्नास वर्षे भोगीत आहोत, असे तो उतारवयात म्हणत असे. ७ एप्रिल २००० रोजी त्याचे निधन झाले. २०१४ मध्ये मायदेशीच जर्मनीकडून ब्राझीलचा ७-१ असा पराभव झाला, तेव्हा आता तरी बार्बोसा दोषमुक्त झाला, असे अनेकांनी बोलून दाखविले. वस्तुतः १९५० च्या त्या स्पर्धेतील सहा सामन्यांत त्याच्यावर मिळून सहाच गोल झाले होते, आणि हा आकडा प्रारंभापासूनच सर्वांसमोर होता.