भिंतीवरचा जमाखर्च

इंग्लंड वा वेल्समधील एखाद्या नगरपालिकेच्या कचेरीत कामानिमित्त जाणाऱ्यास प्रवेशद्वारापाशीच एक रंगीत पत्रक टांगलेले दिसते. त्यावर 'ए' पासून 'जी' पर्यंत सात पट्ट्या असतात आणि त्या इमारतीने वर्षभरात प्रत्यक्ष किती वीज व इंधन खर्ची घातले त्यावरून तिला त्यांपैकी एक अक्षर मिळालेले असते. अक्षर लाजिरवाणे असले तरी झाकता येत नाही. लोकांच्या सहज नजरेस पडेल अशा जागी ते लावलेच पाहिजे. न लावल्यास ५०० पौंड दंड.

युरोपीय संघाने २००२ साली इमारतींच्या ऊर्जावापराबाबत जो निदेश काढला, त्याच्या पोटी ही प्रथा जन्मास आली. ऑक्टोबर २००८ पासून १००० चौरस मीटरहून मोठ्या सरकारी इमारतींना ती लागू झाली. पुढे २०१३ साली ही मर्यादा ५०० वर आणि २०१५ साली २५० चौरस मीटरवर आणली गेली. ब्रिटन संघाबाहेर पडला, तरी नियम राहिला.

या योजनेतील मर्म असे की, इमारत कागदावर कशी आखली होती हे ती विचारीत नाही. इमारत वापरली कशी जाते एवढेच विचारते. त्या जातीच्या सर्वसाधारण इमारतीचा वापर १०० धरावयाचा. शाळेची तुलना शाळेशी, इस्पितळाची इस्पितळाशी. आकडा २५ च्या आत राहिला तर 'ए', १५० च्या वर गेला तर 'जी'. मागील दोन वर्षांचे आकडेही शेजारीच छापलेले असतात, त्यामुळे सुधारणा झाली की घसरण, हे शाळकरी पोरासही कळते. वास्तुशिल्पज्ञाने कितीही नामी इमारत उभारली आणि रखवालदाराने रात्रभर दिवे व शेगड्या चालू ठेवल्या, तर त्याची नोंद त्या अक्षरात उतरल्याशिवाय राहत नाही. पहिल्याच वर्षी लंडनचे संसदभवन आणि बँक ऑफ इंग्लंड या दोन्ही मातबर वास्तूंच्या वाट्यास 'जी' आला. कायदा करणाऱ्यांच्याच घरावर कायद्याने बोट ठेवावे, यातील गंमत तेथील वृत्तपत्रांनी सोडली नाही.

मात्र या व्यवस्थेला गालबोट नाही असे नव्हे. १००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतीला दरवर्षी नवे पत्रक घ्यावे लागते. त्याहून लहान इमारतीचे पत्रक दहा वर्षे चालते. दहा वर्षांपूर्वीचे पंचांग भिंतीवर टांगून आजची तिथी पाहावी, तशातलाच हा प्रकार! ग्रंथालये, लहान शाळा, प्रभागांच्या कचेऱ्या अशा ज्या वास्तूंशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध, नेमक्या त्याच येथे सुटतात. शिवाय पत्रकाबरोबर सुधारणांची शिफारस करणारा अहवालही घ्यावा लागतो, पण त्या शिफारशी अमलात आणण्याची सक्ती नाही. कागद बटण बंद करीत नाही.

तरीही आम्हांस हा प्रयोग गोमंतकाच्या दृष्टीने विचारार्ह वाटतो. आपल्या राज्यात विजेची निर्मिती जवळजवळ नाहीच. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरदूरच्या केंद्रांतून ती येते आणि तिचे दाम राज्याच्या तिजोरीतून बाहेर जातात. येथे वीज खातेही सरकारचेच. एका खात्याने दुसऱ्या खात्यास बिल द्यावयाचे, म्हणजे या खिशातून त्या खिशात, अशी समजूत कचेऱ्यांतून रूढ असेल तर नवल नाही. दुसरा खिसा मात्र फाटका आहे.

आपल्या जुन्या वास्तू जाडजूड चिऱ्यांच्या भिंतींच्या, उंच छपरांच्या आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या असत. दमट हवेत वारा खेळता ठेवावा लागतो हे त्या बांधणाऱ्या गवंड्यांस ठाऊक होते. आता दर्शनी भागास काच लावावयाची, उन्हाची तिरीप आत आली की पडदे ओढावयाचे, काळोख झाला म्हणून भरदुपारी दिवे लावावयाचे आणि उकाडा होतो म्हणून वातानुकूलन यंत्र बसवावयाचे, असा क्रम झाला आहे. या यंत्रांचे तापमान मुळातच २४ अंशांवर ठेवलेले असावे, असा नियम केंद्राने २०२० पासून केला. पण कळफलक साहेबांच्या हाती असतो.

केंद्रीय ऊर्जा दक्षता विभागाने २००९ साली कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन सुरू केले. दर चौरस मीटरला वर्षास किती युनिटे लागतात, यावर एक ते पाच तारे मिळतात. परंतु ते ऐच्छिक आहे. घरच्या शीतकपाटावर तारे छापण्याची सक्ती, आणि ज्या कचेरीचे बिल आपण सारे भरतो तिच्यावर नाही!

आम्ही सात रंगांचे पत्रक मागत नाही. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, शिवाय नगरपालिका आणि पणजीची महानगरपालिका. त्यांच्या दाराशी महिन्याची युनिटे, गतवर्षी त्याच महिन्यातील युनिटे आणि भरलेली रक्कम असे तीन आकडे खडूने लिहावेत, इतकेच. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम अशी माहिती आपणहून उघड करण्याची अपेक्षा ठेवतेच. आकडे शोधण्यास तज्ज्ञ नको. ते दरमहा बिलावर छापून येतात. येत्या ग्रामसभेत एखाद्या पंचाने वा मतदाराने उठून हा ठराव मांडला, तर त्यास विरोध कोण करतो आणि कोणत्या शब्दांत करतो, हे पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.