‘मूल ऐकत नाही’ म्हणण्याआधी

दुसरीतल्या एका मुलाला आम्ही अंगणवाडीपासून पाहत आलो आहोत. काल पाठ केलेला पाढा आज त्याला आठवत नाही. दुकानातून मीठ आणि साखर आणायला पाठवले तर मीठच आणतो, कधी तर वाटेतच खेळत बसतो. रागावले की रडतो, माफी मागतो आणि पाच मिनिटांनी तीच चूक पुन्हा करतो. मोठी पोरे सांगतील ते करतो, आणि दरवेळी पकडला जातो तो हाच. बाई म्हणतात, लक्ष नाही. आजी म्हणते, हट्टी आहे. बापाने पट्टा काढला.

त्याच्या आईशी आम्ही बऱ्याच दिवसांनी निवांत बसून बोललो. वीटभट्टीवर काम, अंग ठणकायचे, नवऱ्याबरोबर संध्याकाळी घेतली जायची. पोटात मूल आहे हे तिसऱ्या महिन्यात कळले, पण घेणे थांबले नाही. ‘कुणी सांगितलंच नाही की बाळाला लागते म्हणून,’ ती म्हणाली. ते खरे होते. तिला आजवर हे कुणी विचारलेच नव्हते.

गरोदरपणात आईच्या पोटात गेलेल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूला आणि शरीराला होणाऱ्या इजेला फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी म्हणतात. ही इजा जन्मभराची असते. पण योग्य आधार मिळाला तर असे मूल नीट जगू शकते. म्हणून हा लेख जसा आयांसाठी आहे, तसाच अशा मुलांशी रोज काम पडणाऱ्या सगळ्यांसाठी आहे : आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, आजी-आजोबा, मावश्या.

पोटात नेमके काय होते?

आईच्या रक्तातली दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते. आईचे यकृत ती दारू हळूहळू तरी मोडून काढते. बाळाचे यकृत तेवढे तयारच झालेले नसते. मेंदू तर पहिल्या आठवड्यांपासून शेवटच्या दिवसापर्यंत घडत असतो. म्हणून ‘तीन महिन्यांनंतर चालते’ हे खोटे, आणि ‘थोडी चालते’ हेही खोटे. देशी, हातभट्टी, ताडी, बिअर, वाइन, सगळ्यांत दारू तीच. किती घेतली तर सुरक्षित, असे प्रमाण कुणालाही सांगता आलेले नाही.

1968 मध्ये फ्रान्सच्या नांत शहरातले डॉक्टर पॉल लेमोआन यांनी अशा मुलांविषयी लिहिले, पण फार कुणी लक्ष दिले नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल इथल्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहून या आजाराला नाव दिले. त्यांनी चेहऱ्याच्या खुणा सांगितल्या : डोळ्यांच्या फटी लहान, नाक आणि ओठ यांच्यामधली खोबण सपाट, वरचा ओठ पातळ. पण या खुणा गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या काही आठवड्यांत दारू पोहोचली तरच उमटतात. बहुतेक मुलांचा चेहरा इतर मुलांसारखाच दिसतो. इजा आत असते, म्हणून कुणाला दिसत नाही आणि मुलाला मार बसतो.

आमचीच एक चूक

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही वॉर्डात उभ्या राहिलो, तेव्हा दारूचा वास येणारी बाई आली की आम्ही तिला सगळ्यांसमोर बोलायचो. ‘लाज वाटत नाही का, पोटात लेकरू आहे!’ आम्हाला वाटायचे, आपण बाळाच्या बाजूने बोलतोय. अशीच एक बाई पुढच्या तपासणीला आली नाही. ती आली थेट बाळंतपणाच्या वेळी. बाळ फार कमी वजनाचे होते. आम्ही तिला ओरडलो नसतो तर ती आणखी चार वेळा आली असती आणि त्या चार वेळी काहीतरी करता आले असते.

तेव्हा आम्हाला कुणी शिकवले नव्हते, आता सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे की दारू आणि इतर नशेबद्दल प्रत्येक गरोदर स्त्रीला, प्रत्येक तपासणीच्या वेळी विचारावे. गरीब दिसते म्हणून एकीला विचारायचे आणि दुसरीला सोडायचे, असे नाही. सगळ्यांना विचारले की कुणाला बोट दाखवल्यासारखे वाटत नाही.

विचारण्याचीही रीत असते. ‘तू पितेस का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते. त्याऐवजी एकटीला बाजूला घेऊन म्हणावे, ‘ताई, दिवस गेलेत हे कळण्याआधी कधी घेणे झाले होते का? आम्ही हे सगळ्यांनाच विचारतो.’ मग गप्प बसून ऐकावे. सासू आणि नवरा समोर असतील तर विचारूच नये.

दोन ठिकाणांहून शिकण्यासारखे

पहिले सिॲटल. वॉशिंग्टन विद्यापीठाने 1991 मध्ये तिथे एक काम सुरू केले. गरोदरपणात खूप दारू किंवा नशा घेणाऱ्या आईशी एक प्रशिक्षित कार्यकर्ती 3 वर्षे जोडलेली राहते. तिच्या घरी जाते. दवाखाना, घरभाडे, कोर्ट, कुटुंब नियोजन, जिथे अडले तिथे सोबत जाते. पुढे काय करायचे ते आई स्वतः ठरवते, कार्यकर्ती ते लिहून घेते. एका कार्यकर्तीकडे साधारण 16 कुटुंबे, त्यापेक्षा फार जास्त नाहीत. आईने मध्येच पुन्हा प्यायला सुरुवात केली तरी तिला कामातून काढून टाकत नाहीत. या कार्यकर्त्यांपैकी अनेकजणी स्वतः अशाच अडचणींतून वर आलेल्या असतात. कॅनडातही या धर्तीवर काम उभे राहिले.

दुसरे ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातले फिट्झरॉय क्रॉसिंग. हे आदिवासींचे गाव. दारूने तिथे मरणे आणि आत्महत्या फार वाढल्या होत्या. जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि त्यांच्या सोबतच्या बायका उठल्या आणि 2007 मध्ये त्यांनी कडक दारू बाहेर नेण्याच्या विक्रीवर बंधन आणायला सरकारला भाग पाडले. पुरुषांचा आणि दुकानदारांचा राग त्यांनी सोसला. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. बाटली थांबली तरी जी मुले आधीच जन्मली आहेत त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. त्यांनीच डॉक्टरांना बोलावले, वस्तीची संमती आधी घेतली आणि 2002 व 2003 मध्ये जन्मलेल्या मुलांची तपासणी करवली. दर 5 मुलांमागे जवळपास 1 मूल एफएएसडीचे निघाले. प्रत्येक मुलाच्या घरच्यांशी बोलून पुढे काय करायचे ते ठरवले गेले. बाहेरून कुणी येऊन नावे ठेवून गेले नाही. त्या बायकांनी आपले दुखणे आपणच उघड केले आणि आपणच आधार उभा केला.

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांना मजुरीचा एक भाग म्हणून स्वस्त वाइन देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कायद्याने ती बंद झाली, तरी नंतरही बराच काळ काही मळ्यांवर चालूच राहिली. आज त्या भागात एफएएसडीचे प्रमाण जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्या ठिकाणांपैकी आहे. दारू कुणी पाजली, कुणी विकली, नफा कुणी कमावला, हे न विचारता फक्त आईला दोष देणे किती अपुरे आहे, हे त्यावरून कळते.

आपल्याकडे

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे 1 टक्का आणि पुरुषांपैकी सुमारे 19 टक्के दारू पितात असे दिसले. म्हणजे आपल्याकडे बहुतेक स्त्रिया पीत नाहीत. पण जी पिते, ती लपवते आणि लपवते म्हणूनच तिच्यापर्यंत मदत पोहोचत नाही. नवऱ्याच्या दारूने थेट एफएएसडी होत नाही. पण मारहाण, उपासमार आणि ‘घे गं थोडी, अंग हलके होईल’ हे सगळे तिथूनच येते. ती सोडणार असेल तर घरात बाटली आली नाही पाहिजे.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. 22 प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण शील स्वतः पाळायचे असते, पडलेल्या बाईला मारायची ती काठी नव्हे. आधी घरातल्या पुरुषांनी पाळावे.

मुलाशी वागताना

डेब इव्हेन्सन आणि जॅन लुट्के या दोघींनी अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी 8 गोष्टी सांगितल्या आहेत. जगभर प्रशिक्षणात त्या शिकवतात. आम्ही त्या आपल्या घरातल्या भाषेत सांगतो :

1. थेट बोला. ‘जरा शहाण्यासारखा वाग’ त्याला कळत नाही. ‘चप्पल इथे ठेव’ कळते.
2. सगळ्यांचा नियम एकच. आईचा एक, आजीचा दुसरा, बाईंचा तिसरा असे नको.
3. पुन्हा पुन्हा सांगा. आज आले ते उद्या जाते. तो आळस नाही, इजा आहे.
4. रोजचा क्रम ठरलेला ठेवा. उठणे, आंघोळ, नाश्ता, दप्तर. भिंतीवर चित्रे चिकटवा.
5. थोडक्यात सांगा. एका वेळी एकच काम. मीठ आणले की मग साखर.
6. नेमके सांगा. ‘खोली आवर’ म्हणू नका. ‘अंथरुणाची घडी कर’ म्हणा.
7. आखणी मोठ्यांनी करून द्या. कुठे बसायचे, कुठे खेळायचे, कधी थांबायचे, ते त्याच्यावर सोडू नका.
8. नजर ठेवा. ही मुले लवकर फसतात. मोठ्या पोरांच्या टोळीत एकटे सोडू नका, पैसे हातात देऊन दूर पाठवू नका.

गोंगाट, गर्दी, लाउडस्पीकर यांनी ही मुले बेभान होतात. तेव्हा ओरडू नका, शांत कोपऱ्यात न्या. घडले नाही ते घडले म्हणून सांगतात, तेव्हा दरवेळी ते खोटे नसते. आठवणीतली भोके मेंदू स्वतःच भरतो. मारल्याने काही शिकत नाहीत, कारण कशाबद्दल मारले हेच पुढच्या वेळी आठवत नाही. आमच्या त्या मुलाच्या आजीने भिंतीवर चार चित्रे लावली आणि पट्टा पेटीत गेला. पाढे अजून येत नाहीत. पण तो आता रोज स्वतः दप्तर भरतो, आणि घरात रोजची रडारड राहिली नाही.

सिॲटलच्या ॲन स्ट्राइसगथ यांनी 415 जणांचा अभ्यास करून दाखवले की ज्यांचे निदान लवकर झाले आणि ज्यांना स्थिर, चांगले घर मिळाले, ते पुढे शाळा सुटणे आणि पोलिसांच्या तावडीत सापडणे यांतून जास्त वाचले. म्हणजे आपल्या हातात बरेच आहे.

मदत कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून 2 वेळा आणि सरकारी शाळेत 1 वेळा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मूल मागे पडतेय असे वाटले तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची चिठ्ठी मागा. गरोदरपणात दारू घेतली गेली असेल तर डॉक्टरांना ते सांगा, कारण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एफएएसडी असे वेगळे नाव नाही. पण बौद्धिक दिव्यांगता किंवा अध्ययन अक्षमता निघाली तर त्याखाली प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलती मिळू शकतात.

गरोदर बाईने आजपासून दारू थांबवावी. उशीर झाला असे कधीच नसते. फक्त एक मोठा इशारा : जी रोज भरपूर पिते तिने घरीच एकदम बंद करू नये. हात थरथरणे, घाम, झटके येऊ शकतात आणि त्यात आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तिला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. बाळंतपणाआधी किंवा नंतर घरात आणलेल्या आसव-अरिष्टांतही दारूचा अंश असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही दारू उतरते.

शेवटी काम करणाऱ्या आमच्या बहिणींसाठी. आशाताई, सेविका, शिक्षिका, तुम्हीही थकता. तीच आई पुन्हा पिऊन समोर येते तेव्हा राग येतो, रडू येते. एकटीने सोसू नका. आम्ही वस्तीत महिन्यातून एकदा बसतो, नावे न घेता अवघड प्रसंग मांडतो, एकमेकींना विचारतो, ‘तू असतीस तर काय केले असतेस?’ चहा होतो, कुणी रडते, कुणी हसते आणि दुसऱ्या दिवशी त्या दारावर जायला पुन्हा बळ येते. तुमच्या वस्तीतही अशी बैठक सुरू करा. विहारात, समाजमंदिरात, कुणाच्या ओट्यावर, कुठेही चालेल. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न ठेवा : आपल्या गल्लीतले कोणते मूल रोज मार खाते, आणि ते का?