आधी ऑर्डर की आधी कारखाना?

औशाच्या शाखेत असताना २०१३ साली एक तरुण माझ्या टेबलासमोर येऊन बसला. हातात कापडी पिशवी, पिशवीत एलईडीचे दोन बल्ब. गावातच या बल्बची जुळणी करायची त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी आठ लाखांचे कर्ज हवे होते. बँकवाल्यांचा जो ठरलेला प्रश्न असतो तोच मी विचारला, ‘‘ऑर्डर कुठे आहे?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, कारखाना दाखवल्याशिवाय ऑर्डर कोण देणार?’’ मी अर्जावर ‘तूर्त विचार करता येत नाही’ असा शेरा मारला आणि चहा मागवला. तो चहा न घेताच उठला.

हा प्रसंग मी विसरलो होतो. अलीकडे अणुकेंद्रांच्या संमीलनाविषयी वाचत बसलो आणि तो पुन्हा समोर आला. कारण सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणू पाहणारे शास्त्रज्ञही नेमके याच प्रश्नापाशी अडले आहेत.

अमेरिकेत लिव्हरमोर येथे नॅशनल इग्निशन फॅसिलिटी नावाची अवाढव्य प्रयोगशाळा आहे. तिथे १९२ लेसर झोतांच्या मदतीने, मोहरीच्या दाण्याएवढ्या गोळीतला हायड्रोजन क्षणार्धात दाबून पेटवला जातो. ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरने दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा त्या गोळीने परत दिली. २.०५ मेगाज्यूल गेले, ३.१५ आले. जगभर टाळ्या पडल्या, आणि त्या रास्तच होत्या. पण माझ्यातला बँकवाला विजेच्या बिलाचा हिशेब मांडू लागला. आपल्या मीटरच्या भाषेत ही जमा एका युनिटपेक्षाही कमी. आणि तो लेसर पेटवायला वीजवाहिनीतून घेतलेली वीज सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट! नावे ८३, जमा पाऊण-एक. असे खाते कोणता मॅनेजर चालू ठेवील?

ही वीज जाते कुठे? या लेसरच्या काचांना प्रकाश पाजण्यासाठी तिथे ७,६८० फ्लॅशदिवे आहेत. लग्नातल्या फोटोग्राफरच्या फ्लॅशचे हे थोरले भाऊ. ते सगळ्या रंगांचा प्रकाश ओकतात. काच त्यातला थोडा पिते, उरलेल्याची उष्णता होते. मग काच निवण्यासाठी तासन् तास थांबायचे. वीजघराला हे परवडणार नाही. तिथे सेकंदाला दहाएक वेळा बार उडाला पाहिजे, म्हणजे वर्षाला एकतीस कोटींहून अधिक.

यावर उपाय आहे तो लेसर डायोड. गॅलियम आर्सेनाइडचा हा इवलासा तुकडा निम्म्याहून अधिक विजेचा प्रकाश करतो, आणि तोही लेसरला हव्या त्याच रंगाचा. हे नुसते कागदावरचे नाही. लिव्हरमोरच्याच लोकांनी प्रागजवळच्या ईएलआय बीमलाइन्स या संशोधन केंद्रासाठी सेकंदाला दहा वेळा चालेल असा लेसर घडवला. त्यात डायोडचे चार संच आहेत, प्रत्येकाची क्षणिक शक्ती आठ लाख वॅट. तेव्हा विद्या आहे. अडले आहे ते खरेदीपाशी.

वीजघराच्या आराखड्यांत हे आकडे लाखांत राहत नाहीत, हजारो कोटी वॅटपर्यंत जातात. वॅटमागे एक रुपया वाढला तरी बिल हजारो कोटींनी फुगते. असे डायोड करणारे कारखाने जगात मोजके. त्यांची गिऱ्हाइके म्हणजे धातू कापणारी यंत्रे, दवाखाने, संरक्षण खाते. अजून न बांधलेल्या वीजघरासाठी त्यांनी कारखाना का वाढवावा? आणि भाव उतरल्याशिवाय वीजघर कोण बांधणार? त्यात कच्च्या मालाची गोम वेगळीच. कच्चे गॅलियम जवळजवळ सगळे चीनमध्ये तयार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला ते द्यायचे बंद केले. ही बंदी पुढे २०२५ मध्ये तात्पुरती उठली. सगळी भिस्त एकाच दुकानदारावर ठेवली की काय होते, हे औशाच्या कुठल्याही किराणा गिऱ्हाइकाला ठाऊक आहे.

हा पेच सुटतो कसा, हे मात्र आपण पाहिलेले आहे. लेसर डायोडचे चुलत भावंड म्हणजे आपला एलईडी. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी कंपनीने बल्ब घेतले ते नगामागे ३१० रुपयांनी. मग ‘उजाला’ योजनेत कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा खरेदी झाली आणि २०१६ मध्ये तोच भाव चाळीस रुपयांच्या आत आला. आधी कोणीतरी ‘मी घेतो’ म्हणाले, म्हणून कारखाने उभे राहिले. बल्ब घरोघरी लागतो, संमीलनाचा डायोड कोणाच्याच घरी लागत नाही, हा फरक आहेच. म्हणूनच इथे ‘मी घेतो’ म्हणणारा अधिक दमाचा हवा.

आपला याच्याशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. तिचा लेसरही डायोडवरच चालणार. तिच्या उभारणीत इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आहे, जिथे डॉ. दिलीप भवाळकरांनी लेसरविद्येचा पाया घातला. आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, जिचे मूळ काम संमीलनाचेच, मात्र चुंबकाच्या वाटेने. अशा यंत्रांचे सुटे भाग आपण बाहेरून आणत राहायचे, की चार ठिकाणच्या गरजा एकत्र करून इथल्याच एखाद्या कारखानदाराला ‘कर, आम्ही घेतो’ म्हणायचे, हा प्रश्न शास्त्रज्ञांपेक्षा खरेदी खात्याचा आणि बँकांचा अधिक आहे.

तारण पाहूनच कर्ज द्यायचे, ही आमची शिकवण. ती चुकीची नाही. लोकांच्या ठेवींना आम्ही जबाबदार असतो. पण ऑर्डर नाही म्हणून त्याला परत पाठवताना, ऑर्डर मिळवून द्यायला मी एक पत्र तरी लिहू शकलो असतो. नगरपालिका समोरच होती, रस्त्यावरचे दिवे तिलाच लावायचे होते. तो तरुण पुढे पुण्याला गेला, एवढेच कानावर आले. आज औशात घरोघरी एलईडी लागतो. त्यातला एकही इथे जुळवलेला नाही.