आत्महत्या प्रतिबंध : गावपातळीवरील दोन प्रयोग काय सांगतात?

नवीन औषध आले की आपण आधी विचारतो, "कुणाच्या शेतात वापरलं? रिझल्ट काय?" आत्महत्या रोखण्याच्या कार्यक्रमांना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिबिर होते, फोटो निघतात, उपयोग किती झाला हे कोणी मोजत नाही.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमात ते मोजले गेले. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. त्यांनी घरभेटी व लहान बैठका घेतल्या, माणसांचे ऐकून घेतले. गरज असलेल्यांना समुपदेशकाकडे आणि आजार गंभीर असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, १८ महिन्यांनंतर ते २७.२ टक्के झाले. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

मात्र इथे तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती. शेजारी विना-फवारणीचा प्लॉट नसेल तर कीड औषधाने गेली की पावसाने, हे सांगता येत नाही, तसेच हे. त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देणे घाईचे होईल. तरी मदत घेणारे सहापट वाढले, ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे.

तुलनेची गावे ठेवून केलेला प्रयोग श्रीलंकेतला. १८० गावांपैकी निम्म्या गावांत कीडनाशके ठेवायला घरोघरी कुलूपबंद पेट्या दिल्या. कल्पना सर्वांना पटणारी होती, पण विषबाधेच्या प्रमाणात फरक पडला नाही. याच देशाने अतिविषारी कीडनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा आत्महत्या खूप घटल्या आणि पिकांचे उत्पादनही त्यामुळे घटले नाही. म्हणून कृषी सहायकांनी शिफारशीतील पर्यायांपैकी निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचे औषध आधी सुचवावे. शेतकऱ्यांनी एका फवारणीपुरतेच औषध आणावे, उरलेले घरात साठवू नये.

शेजाऱ्याची डवरणी राहिली, तो पारावर येईनासा झाला, झोप-जेवण सुटले, "माझ्यामागे पोरांचं पाहा" असे बोलू लागला, तर आळशी किंवा व्यसनी म्हणून सोडून देऊ नका. एकांतात सरळ विचारा, "भाऊ, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे ठेवू नका, घरातील औषधे दुसरीकडे हलवा आणि सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून २४ तास सुरू असतो, मराठीतही बोलता येते. तुमच्या स्वतःच्या मनात असे येत असेल, तरी हाच क्रमांक लावा. कर्जाचे प्रश्न फोनने सुटत नाहीत हे खरे. त्यासाठी बँक, तलाठी, कृषी कार्यालय यांच्याकडे जाताना कोणीतरी सोबत असावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी आशाताईंच्या मदतीने तीन आकडे ठेवावेत : किती घरी गेलो, किती जण डॉक्टरांपर्यंत पोहोचले, महिन्याने पुन्हा किती जणांना भेटलो. पेरणीपूर्वी आणि काढणीनंतर ते ग्रामपंचायतीत मांडावेत. नावे मात्र कुठेही वाचू नयेत.