आकडा वाढतोय, पण मासे? मॉन्टेरेच्या सार्डिन कारखान्यांची गोष्ट

सिनॉप्सिस लिहिताना आपण एक चूक हमखास करतो. सरकारी अहवालातला तक्ता उचलायचा, आलेख काढायचा आणि रेघ वर गेली की 'उद्योगाची भरभराट झाली' असं लिहून मोकळं व्हायचं. तो आकडा नेमकं काय मोजतो, हे विचारायचं राहूनच जातं. आज बघू, हा प्रश्न वेळेवर न विचारल्याने काय होऊ शकतं.

डब्यांचं गाव

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मॉन्टेरे गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सार्डिन डबाबंद करण्याचा धंदा उभा राहिला. सार्डिन म्हणजे आपल्या कोकणातल्या तारलीची लांबची बहीण. फ्रँक बूथने कारखाना काढला, नॉर्वेहून आलेल्या क्नूट होव्हडेनने यंत्रं सुधारली आणि सिसिलीच्या कोळ्यांनी लांपारा जाळं आणलं. पहिल्या महायुद्धात डब्यांची मागणी वाढली, तसे कारखानेही वाढले.

पुढे कारखानदारांच्या लक्षात आलं की डब्यापेक्षा मासळीच्या भुकटीत आणि तेलात जास्त पैसा आहे. भुकटी कोंबड्यांच्या खाद्याला जायची. आधी नुसती डोकी आणि आतडी दळली जात, मग अख्खे मासेच दळायला लागले. राज्याने बंधनं घातली, तर काहींनी राज्याची हद्द संपते तिथे, किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे, जहाजांवरच कारखाने थाटले!

आकड्याची फसगत

1936-37 च्या हंगामात कॅलिफोर्नियातली सार्डिनची आवक सात लाख टनांच्या वर गेली. राज्याच्या मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस क्लार्क आणि त्यांचे सहकारी तेव्हा सांगत होते की वर्षाला अडीच लाख टनांच्या आसपास थांबा. उद्योगाचं उत्तर होतं, मासे कमी झाल्याचा पक्का पुरावा कुठे आहे? आवक तर भरपूर होती!

इथे थांबा. आवक म्हणजे किनाऱ्यावर उतरवलेली मासळी, समुद्रातली नव्हे. बोटी मोठ्या झाल्या, जास्त झाल्या, लांब जाऊ लागल्या, तर समुद्रात मासे घटत असतानाही आवक टिकून राहते. म्हणून नुसती एकूण आवक बघून भागत नाही. तेवढे मासे मिळवायला किती बोटी, किती रात्री लागल्या, हेही बघावं लागतं.

1945-46 नंतर दोनच हंगामांत मॉन्टेरेची आवक कोसळली. एकामागून एक कारखाने बंद पडले आणि डबे भरणाऱ्या बायकांचं, कोळ्यांचं काम गेलं. शेवटचा, होव्हडेनचा कारखाना 1973 मध्ये बंद झाला. 1984 पासून त्याच जागेवर मत्स्यालय आहे.

मग दोष कुणाचा?

'अति मासेमारी', असं उत्तर पटकन सुचतं. पण सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाशी प्राणवायू इतका कमी आहे की गाळ उकरणारे जीवच तिथे टिकत नाहीत. त्यामुळे गाळाचे थर न विस्कटता साचतात आणि त्यांत माशांचे खवले सापडतात. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सुमारे 1,700 वर्षांच्या थरांतले खवले मोजले होते. त्यातून दिसलं की कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून सार्डिन अधूनमधून वाढत आणि घटत आली आहे.

म्हणजे उद्योग निर्दोष? नाही. 'निसर्ग की माणूस?' हा प्रश्नच कच्चा आहे. पक्का प्रश्न असा: नैसर्गिक घसरण सुरू असताना मासेमारी तशीच चालू ठेवल्याने ती किती खोल गेली, आणि मासे सावरायला किती उशीर झाला? हा प्रश्न इतिहास आणि समुद्रशास्त्र दोघांना एकत्र बसवतो.

आणखी एक. 'पुरावा अपुरा आहे' हे वाक्य आपण प्रबंधात सहज लिहितो. मॉन्टेरेत त्याच वाक्याच्या आधाराने निर्णय पुढे ढकलला गेला. म्हणून ते लिहिताना एवढंही लिहा: पुरावा येईपर्यंत थांबलो, तर किंमत कोण मोजणार?

आज तुमच्या विषयातला एक तक्ता काढा आणि खाली तीन ओळी लिहा: हा आकडा कुणी नोंदवला, कशासाठी नोंदवला आणि यात काय मोजलंच गेलं नाही. तिसऱ्या ओळीत बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न सापडेल.