टेप अजून म्हातारी झालेली नाही

‘फ्लॅश आहे, क्लाउड आहे, मग टेप कशाला?’ स्टोरेज कंपन्या वेगाच्या आकड्यांवर भांडतात, म्हणून हा प्रश्न पडतो. पण वेग वेगळा आणि सुरक्षितता वेगळी. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या मेल गायब झाल्या. मेलच्या प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये होत्या, तरी चूक त्यांनाही भोवली. मेल परत आल्या त्या टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होती! रॅन्समवेअरचंही तेच: कपाटातल्या कार्ट्रिजपर्यंत तो पोचणार कसा?

एचपी, आयबीएम आणि सीगेटने मिळून आणलेल्या एलटीओ या टेप-प्रकाराची पहिली कार्ट्रिज २००० साली १०० जीबीची होती. २०२१ची एलटीओ-९ १८ टीबीची आहे. तळहाताएवढ्या डबीत अर्धा इंच रुंद, किलोमीटरभर लांब फीत! टेप संथ आहे, हा आक्षेप अर्धाच खरा. एखादी फाइल शोधायला फीत पुढेमागे फिरवावी लागते, त्यात वेळ जातोच. पण एकदा जागा सापडली की एलटीओ-९ सेकंदाला ४०० एमबी वाचते, साध्या हार्ड डिस्कपेक्षा जास्त. म्हणून रोजचं काम फ्लॅशवर खुशाल करा, शेवटची प्रत मात्र टेपवरच ठेवा.