फायबरग्लासच्या आतले लाकूड

जुन्या मोटरबोटींच्या जाहिरातींमध्ये एक आश्वासन हमखास आढळते: बोट संपूर्ण फायबरग्लासची आहे, त्यामुळे कुजण्याची चिंता नाही. या विधानाचा पूर्वार्ध बहुधा अर्धसत्य असतो आणि उत्तरार्ध त्याच्यावरच बेतलेला असल्यामुळे अधिक फसवा ठरतो. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत कौटुंबिक वापराच्या बोटी काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांपासून साच्यात घडविल्या जाऊ लागल्या, हे खरे. परंतु त्या द्रव्याचे असते ते बाहेरचे कवच. कवचाला ताठपणा देणारा आतला सांगाडा पुढची अनेक दशके लाकडाचाच राहिला, आणि आज बाजारात येणाऱ्या वीस-पंचवीस वर्षांच्या बोटींपैकी कित्येकींत तो तसाच आहे.

आपल्या परिचयातील अनेक कुटुंबे आता मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा तळ्यांच्या राज्यांत स्थिरावली आहेत. एकट्या मिनेसोटात दहा हजारांहून अधिक तळी आहेत. मुले शाळेतल्या मित्रांच्या बोटीवर जाऊन येतात आणि मग घरात तो विषय निघतो. शेजारच्या घरी पहिली बोट आजोबांनी घेतलेली असते. ती कशी पारखावी हे नातवाला गॅरेजमध्ये खेळता खेळता कळते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात घर, मोटार, बोट यांतली प्रत्येक खरेदी ही पहिल्या पिढीची खरेदी आहे. विचारावे असे वडीलधारे माणूस त्या बाबतीत नसते, आणि लागणारा पैसा मात्र वर्षानुवर्षे बाजूला टाकलेला असतो. दोन हंगाम जुन्या बोटी पाहत हिंडल्यानंतर जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडण्याचे कारण एवढेच.

लाकूड प्रामुख्याने तीन ठिकाणी दडलेले असते. पहिले ठिकाण ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूडचे जाड पाखे चिकटवून ती बनविलेली असते आणि इंजिनाचे वजन व रेटा दोन्ही तीच सोसते. दुसरे ठिकाण म्हणजे तळाशी लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंगर. घराच्या तुळया जे काम करतात तेच यांचे. तिसरे, पायाखालची जमीन. तीही पुष्कळदा प्लायवूडचीच, वरून गालिच्याने झाकलेली. काही बोटींच्या डेकमध्ये बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाचे तुकडेही भरलेले असतात.

आता हे लाकूड कुजते कसे? ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांना न्हाणीघराच्या दाराची खालची कड आठवत असेल. वरचे दार ठणठणीत, आणि खालची चार बोटे भुसभुशीत. लाकूड कुजवणारी बुरशी जगण्यासाठी ओलावा, हवा आणि माफक ऊब मागते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिले तर बुरशीचे काही चालत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले की तिला मोकळे रान मिळते. पूर्णपणे पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून लेक सुपीरियरच्या थंडगार तळाशी शंभर वर्षांपूर्वीची लाकडी जहाजे अजून ओळखू येतील अशा अवस्थेत पडून आहेत. मीठही बुरशीला मानवत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी जहाजबांधणीत फळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवीत. तेव्हा बोटीचा खरा शत्रू तिच्याखालचे पाणी नव्हे, तर वरून पडणारे पावसाचे गोडे पाणी होय, आणि आपल्या तळ्यांच्या प्रदेशात तर खालचे पाणीही गोडेच.

हे पाणी आत शिरते ते छिद्रांतून. अखंड फायबरग्लासमधून ते सहसा फारसे झिरपत नाही. पण प्रत्येक बोटीला शेकडो छिद्रे पाडलेली असतात: पोहणाऱ्यांसाठीची शिडी, दोर बांधण्याच्या खुंट्या, खुर्च्यांच्या बैठका, पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा संवेदक, तळाचे पाणी सोडून देण्याचे बूच. कारखान्यातील छिद्रे एक वेळ नीट बंद केलेली असतात. आधीच्या मालकाने रविवारी दुपारी ड्रिल घेऊन पाडलेले छिद्र मात्र बहुधा उघड्या लाकडावरच संपलेले असते. भोवतीचा सीलंट दहा-पंधरा वर्षांत कडक होऊन सुटतो. आत गेलेल्या थेंबाला बाहेर पडायला वाट नसते, कारण लाकूड चहूबाजूंनी फायबरग्लासने मढवलेले असते. रक्षणासाठी घातलेले आवरणच ओल धरून ठेवते. त्यात २० फुटांहून लहान अशा बहुतेक बोटींत, पाणी भरले तरी त्या पूर्ण बुडू नयेत म्हणून, जमिनीखाली फोम भरलेला असतो. अमेरिकी तटरक्षक दलाचे नियमच तसे आहेत. फोम कालांतराने पाणी पितो आणि ओल्या पोतेऱ्यासारखा स्ट्रिंगरला लगटून राहतो. मग हिवाळा येतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि लाकूड व फायबरग्लास यांचा सांधा हळूहळू सोडवते.

‘मरीन प्लायवूड’ या शब्दानेही फार दिलासा मानू नये. त्यातला गोंद पाण्याने सुटत नाही आणि थरांमध्ये पोकळ्या नसतात, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. लाकूड स्वतः टिकाऊ जातीचे नसेल किंवा त्यावर प्रक्रिया झालेली नसेल, तर ते इतर लाकडासारखेच कुजते.

प्रश्न केवळ पैशाचा असता तर एवढे लिहिले नसते. कुजलेल्या जमिनीत बसवलेल्या खुर्चीचे स्क्रू वेगाच्या वळणावर उपटले जाऊ शकतात आणि त्या खुर्चीत आपले मूल बसलेले असू शकते. ट्रान्सम खिळखिळा झाला तर दीडशे-दोनशे किलोंचे इंजिन ज्या भिंतीला टांगले आहे तीच भर पाण्यात दुभंगण्याचा धोका असतो. विमा कंपन्या सहसा झीज आणि कूज यांची भरपाई देत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो.

पारख करताना सर्वांत आधी ट्रान्सम पाहावा. इंजिन बाहेर टांगलेले असेल तर ते थोडे वर उचलून पंख्याजवळच्या खालच्या टोकावर हाताने दाब द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी ट्रान्समवर नजर ठेवावी. निरोगी ट्रान्सम हलत नाही. तो वाकताना दिसला, त्यावर बारीक भेगा उघडताना दिसल्या किंवा बोल्टभोवतून तपकिरी पाणी ओघळले, तर पुढचे पाहण्यात वेळ घालवू नये. ज्या बोटींत इंजिन आत आणि पंख्याची यंत्रणा मागे असते, त्यांच्या ट्रान्सममध्ये मोठे भगदाड कापलेले असते. त्याच्या कडा नीट बंद केलेल्या नसतील तर कूज तेथूनच सुरू होते. अशा बोटीत इंजिनाच्या बैठकीचे जाड स्क्रू पान्याने हलकेच आवळून पाहावेत. न आवळता नुसतेच गरगरत राहणारा स्क्रू कुजलेल्या स्ट्रिंगरची साक्ष देतो.

त्यानंतर हातोडी. प्लॅस्टिकच्या तोंडाची लहान हातोडी पुरते, नाहीतर एखादे जाड नाणे. चांगल्या जागी आवाज खणखणीत आणि तुटक येतो; ओल्या वा सुटलेल्या जागी तो बसका, भरल्यासारखा होतो. माझे सासरे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले असताना एका शनिवारी ते बोट पाहायला सोबत आले. गाडी स्थानकात थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने चाके ठोकीत जाणारा माणूस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. बाबांचा कान त्याच परंपरेतला. १९ फुटी, आरशासारखी चमकणारी बोट, नवा कोरा गालिचा, मालक अतिशय सज्जन. बाबांनी ट्रान्समवर डावीकडून उजवीकडे ठोकायला सुरुवात केली आणि शिडीच्या बोल्टपाशी थांबले. “जावईबापू, इथं कान द्या. आवाज बसला.” मी दोन्हीकडे ठोकून पाहिले. फरक आंधळ्यालाही कळावा असा होता. मालकाच्या परवानगीने शिडीचा एक स्क्रू काढला, तर तो गंजून अर्धा झालेला, आणि त्याच्या आट्यांना चहाच्या चोथ्यासारखा ओला भुसा चिकटलेला. मालकालाही हे ठाऊक नसावे, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. नव्या गालिच्याबद्दल मात्र तेव्हापासून मी सावध झालो आहे. विकण्याच्या आदल्या महिन्यात गालिचा घातलेला असेल, तर त्याखालची जमीन अनवाणी चालून, टाचेने दाबून पाहिल्याशिवाय राहू नये. खुर्च्यांच्या पायांभोवती आणि मागच्या कोपऱ्यांत ती आधी मऊ पडते.

आर्द्रतामापक यंत्र उपयोगी आहे, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. पृष्ठभागामागे धातू असेल, इंधनाची टाकी असेल किंवा तळाला तांबेयुक्त रंग लावलेला असेल, तर ते भलताच आकडा दाखवते. त्याहून मला अधिक आवडलेली युक्ती म्हणजे बोटीचे वजन करणे. ट्रकसाठी महामार्गावर जे वजनकाटे असतात त्यांवर बोट ट्रेलरसह चढवावी. ट्रेलर, इंजिन, बॅटऱ्या आणि इंधन (गॅलनला साधारण ६ पौंड) वजा करावे आणि उरलेला आकडा कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. काहीशे पौंडांचा हिशेब लागत नसेल, तर ते बहुधा फोममधले पाणी असते. संगणकाच्या व्यवसायातील माणसाला ही पद्धत विशेष भावते, कारण येथे कोणाचा शब्द प्रमाण मानावा लागत नाही.

बोट मुळात कशाची आहे हे शोधण्याचा मार्गही सरळ आहे. नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक बोटीला ओळख क्रमांक असतो. तो ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर कोरलेला दिसतो. बारा अक्षरांपैकी पहिली तीन निर्मात्याची खूण असतात, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बोटींत शेवटचे दोन अंक प्रतिकृतीचे वर्ष सांगतात. तो क्रमांक देऊन कंपनीला तीन वेगवेगळे प्रश्न विचारावेत: ट्रान्सम कशाचा, स्ट्रिंगर कशाचे, जमीन कशाची? ‘लाकूडविरहित आहे का’ असा एकच प्रश्न विचारू नये. जमीन बदलली पण ट्रान्सम लाकडाचाच ठेवला, असे अनेक कंपन्यांनी काही वर्षे केले आहे. बोस्टन व्हेलरचे संस्थापक रिचर्ड फिशर १९६१ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाच्या छायाचित्रांत अर्ध्यावर कापल्या जाणाऱ्या तरंगत्या बोटीत बसलेले दिसले आणि ती बोट जगप्रसिद्ध झाली. दोन कवचांमध्ये फोम, ही तिची रचना. तरीही त्या कंपनीच्या जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये आणि स्क्रू बसवण्याच्या जागी प्लायवूड आहेच.

अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली म्हणजे सुटलो, असेही नाही. लुंड आणि अल्युमाक्राफ्ट ही नावाजलेली नावे मिनेसोटातलीच, आणि येथे अशा बोटी विपुल मिळतात. पण अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या बोटींच्या जमिनीत व ट्रान्सममध्ये सर्रास प्लायवूड असते. फरक इतकाच की ते बोल्ट काढून बदलता येते. फायबरग्लासचा ट्रान्सम बदलण्यासाठी अख्खी भिंत कापावी लागते आणि खर्च बोटीच्या किमतीला जाऊन भिडतो. बदलताना बांधकामाचे तांबेयुक्त रसायन मुरवलेले लाकूड मात्र वापरू नये; त्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते.

माझे मत असे झाले आहे की लाकूड नाही असे सांगणाऱ्या बोटीपेक्षा लाकूड दिसते अशी बोट पहिल्या खरेदीला बरी. आम्ही अखेर पॉन्टून घेतली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब नळकांड्या, त्यांवर आडव्या पट्ट्या आणि वर प्लायवूडची सपाट जमीन. देखणी नाही, वेगही बेताचा. पण ट्रेलरवर असताना खाली सरपटत जाऊन मी प्लायवूडची प्रत्येक फळी टोच्याने तपासू शकलो. काही पॉन्टूनच्या जमिनीखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला असतो, तशी टाळली.

मोठ्या फायबरग्लास बोटीवर मन बसलेच असेल, तर व्यवहारापूर्वी स्वतंत्र सर्व्हेयर नेमावा. तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा. अमेरिकेत सॅम्स आणि नॅम्स या दोन संस्था त्यांना मान्यता देतात. शुल्क बोटीच्या लांबीवर, फुटाच्या दराने ठरते. बोट पाण्याबाहेर असताना, शक्यतो पावसानंतरच्या आठवड्यात तपासणी करवावी. शरद ऋतूत विक्रेत्याला हिवाळ्याच्या साठवणीचा खर्च टाळायचा असतो, त्यामुळे भावही तेव्हा उतरतो.

घरी आणलेल्या बोटीचे नाक नेहमी थोडे वर आणि मागचे बूच काढलेले असावे. हिवाळ्याच्या प्लॅस्टिक आवरणाला हवेसाठी झरोके ठेवावेत, अन्यथा आतल्या आत घाम धरतो. नवा स्क्रू बसवायचा असल्यास आधी गरजेपेक्षा मोठे छिद्र पाडावे, ते इपॉक्सीने पूर्ण भरावे, घट्ट झाल्यावर त्या इपॉक्सीतच स्क्रूच्या मापाचे छिद्र पाडून सीलंटसह स्क्रू आवळावा. म्हणजे त्या जागी पाण्याला लाकूड सापडतच नाही. काम अर्ध्या तासाचे आहे, मात्र इपॉक्सी रात्रभर राहू द्यावे लागते.